जिल्हा कोर्टातला जज: निकाल त्याचा, बाकी सगळं हायकोर्टाचं

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात डायसवर बसलेल्या माणसाला आपण सरसकट जजसाहेब म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. हा माणूस तिथे आला कसा, त्याच्या वर कोण, कलेक्टर मोठा की तो, तीनेक वर्षांनी तो अचानक कुठे जातो, यातलं बहुतेकांना काही माहीत नसतं. ज्यांच्या केसेस दहा दहा वर्षं चालू आहेत त्यांनाही नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या न्यायाधीशाची नोकरी सुरुवातीपासून रिटायरमेंटपर्यंत कशी चालते ते सोप्या भाषेत लिहितोय, कायद्याची कलमं लागतील तेवढीच येतील.

आधी बॉस कोण ते बघू. कलेक्टर नाही, एसपी नाही, पालकमंत्री तर नाहीच. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो, पण रजा, बदली, प्रमोशन, खात्याची चौकशी हे सगळं हायकोर्टाच्या हातात. राज्यघटनेच्या कलम २३५ मधे हे सरळ लिहिलंय. म्हणजे गडचिरोलीतल्या एखाद्या तालुक्याच्या जजला चार दिवस रजा हवी असेल तरी मंत्रालयाचा त्यात काही संबंध येत नाही. आणि तहसील कचेरीत जी चॅप्टर केस चालते, ज्यात तहसीलदार चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतात, ते कोर्ट वेगळं. तहसीलदार म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी, तो सरकारचा माणूस. न्यायदंडाधिकारी मात्र हायकोर्टाखाली येतो. नावं जवळजवळ सारखी असल्यामुळे लोकांचा कायम घोळ होतो.

आता आत शिरायचं कसं. दारं दोन. पहिलं दार खालचं, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, कोर्टात सगळे त्याला जेएमएफसी म्हणतात. याची परीक्षा एमपीएससी घेते, आधी पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत. दुसरं दार थेट जिल्हा न्यायाधीशाचं, त्यासाठी किमान ७ वर्षांची वकिली लागते (यात २०२५ मधे बदल झाला, तो शेवटी सांगतो) आणि ती भरती हायकोर्ट स्वतः करतं. खालच्या दाराबद्दल मधल्या काळात बरीच चर्चा झाली कारण नुकताच पास झालेला, कोर्टाची पायरी न चढलेला पंचविशीतला मुलगा थेट खुर्चीवर बसतो हे वकिलांना आणि बऱ्याच हायकोर्टांना खटकत होतं. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की यापुढच्या भरतीसाठी किमान ३ वर्षांची वकिली लागेलच. गंमत अशी की हीच अट १९९३ मधे सुप्रीम कोर्टानेच घातली होती आणि २००२ मधे काढली होती, कारण तेव्हा वाटलं की हुशार मुलं वाट बघत बसत नाहीत, दुसरीकडे निघून जातात. माझ्या मते नवीन अट बरोबर आहे. तीन वर्षं ज्युनियर म्हणून मुद्दत मागत फिरलेल्या माणसाला कळतं की पक्षकार तारखेसाठी शंभर किलोमीटरवरून एसटीने येतो आणि 'पुढची तारीख' या दोन शब्दांची किंमत त्याच्यासाठी काय असते. ते पुस्तकात नाही मिळत.

निवड झाली की ट्रेनिंग, भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे तिथे. मग पहिली पोस्टिंग, बहुतेक वेळा एखाद्या तालुक्याला. स्वतःचा जिल्हा मिळत नाही, जिथे वकिली केली तेही गाव शक्यतो मिळत नाही, आणि कारण उघड आहे. पगार मात्र आता चांगला आहे, दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर सुरुवातीचा बेसिक ७७,८४० रुपये आणि जिल्हा न्यायाधीश झाल्यावर १,४४,८४० पासून पुढे. एकेकाळी न्यायाधीशाची अवस्था 'मान मोठा आणि पाकीट छोटं' अशी होती, ती राहिली नाही.

तालुक्याच्या जजचा दिवस कसा जातो ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांना दिसतो तो फक्त डायसवरचा भाग. सकाळी बोर्ड लागतो, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, आणि त्यात शंभराच्या आसपास केसेस असणं काही नवल नाही. पट्टेवाला पुकारा करतो. कोणाचा हजेरी माफीचा अर्ज, कोणाची मुद्दत, कोणाची कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर दाखल करायचं राहिलं, कोणाला समन्सच पोचलं नाही म्हणून बेलीफचा रिपोर्ट बघायचा, चेक बाऊन्सच्या केसेसचा गठ्ठा तर संपतच नाही. प्रत्येक केसमधे त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात लिहावं लागतं आणि त्यावर सही. मग साक्षीपुरावा. साक्षीदार पिंजऱ्यात उभा, ज्याने त्याला बोलावलं तो वकील सरतपास घेतो, समोरचा वकील उलटतपास घेतो, आणि जज ते ऐकून स्टेनोला किंवा टायपिस्टला वाक्य वाक्य सांगतो, कारण साक्षीदार जे बोलला ते जसंच्या तसं कागदावर आलं नाही तर पुढे अपिलात त्या एका वाक्यावर केस फिरू शकते. हे करताना कागदपत्रांना निशाणी क्रमांक द्यायचे, 'हा प्रश्न विचारता येणार नाही' अशा हरकतींवर तिथल्या तिथे निर्णय द्यायचा, आणि मधेच पोलीस आरोपीला घेऊन दारात उभे.

तो रिमांड. नवीन जजचा घाम काढणारी खरी गोष्ट हीच. अटक केल्यावर २४ तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, मग रविवार असो की दिवाळी, रिमांड कोर्टाला सुट्टी नसते. पोलीस म्हणतात पीसीआर द्या म्हणजे पोलीस कोठडी, वकील म्हणतो एमसीआर करा म्हणजे न्यायालयीन कोठडी, की लगेच जामिनाचा अर्ज टाकता येईल. जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच राहिली पण ती सलग पहिल्या १५ दिवसांतच घ्यायचं बंधन गेलं, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या तुकड्याने मागता येते. ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो. आणि २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी उगाच अटक करू नये आणि मॅजिस्ट्रेटने कारण न लिहिता कोठडी दिली तर हायकोर्ट त्याच्यावरच खात्याची कारवाई करू शकतं. म्हणजे समोर पोलीस, बाजूला वकील, आणि हे सगळं डोक्यात ठेवून पाच-दहा मिनिटांत ठरवायचं की या माणसाने आजची रात्र कुठे काढायची. वय असतं तिशीच्या आसपास.

अधिकार किती? प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड देऊ शकतो, आधी दंडाची मर्यादा १० हजार होती, आणि नव्या कायद्याने छोट्या गुन्ह्यांत समाजसेवेची शिक्षाही देता येते. मुख्य न्यायदंडाधिकारी ७ वर्षांपर्यंत जाऊ शकतो. त्याच्या पुढचं सगळं सेशन कोर्टात.

पाच-सहाला कोर्ट उठलं की काम संपलं असं वाटतं, पण खरं लिखाण तेव्हा सुरू होतं. निकालपत्रात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं, मग एक तक्ता, डावीकडे मुद्दे आणि उजवीकडे निष्कर्ष, आणि त्याखाली कारणमीमांसा, पानंच्या पानं. 'मला असं वाटतं' चालत नाही, कोणत्या साक्षीदाराचं कोणतं वाक्य का मान्य केलं आणि कोणतं का नाही हे लिहावं लागतं. दिवाणी दाव्यात युक्तिवाद संपल्यावर साधारण ३० दिवसांत निकाल द्यायचा, अगदीच अपवाद असेल तर ६०, सेशन केसमधे ३० आणि कारण लिहून ४५. दिवसभर बोर्ड चालवायचा असल्यामुळे हे लिखाण होतं सकाळी लवकर, रात्री, आणि रविवारी. न्यायाधीशांच्या घरच्यांना विचारलंत तर सुट्टी म्हणजे जजमेंट लिहायचा दिवस असंच उत्तर येईल.

आता युनिट. हा शब्द कोर्टाबाहेर कोणी ऐकलेला नसतो पण आतल्या माणसाची झोप यावर ठरते. प्रत्येक प्रकारची केस निकाली काढली की तिचे ठरलेले युनिट मिळतात, लढवलेल्या दाव्याचे जास्त, तडजोडीने मिटलेल्याचे कमी, असं. ठरावीक काळात ठरावीक युनिट व्हायला पाहिजेत, शिवाय जुन्या केसेस आधी काढा हा वेगळा तगादा. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात कामाची आकडेवारी येते, निकालपत्रांचा दर्जा येतो, वकिलांशी वागणूक येते, सचोटी येते, आणि प्रत्येक जिल्ह्याला हायकोर्टाचे एक पालक न्यायमूर्ती असतात, त्यांची नजर असते. मोजमाप नसावं असं माझं म्हणणं नाही, देशभरच्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत साडेचार कोटींहून जास्त केसेस पडून आहेत, हिशोब ठेवावाच लागेल. पण २०-२५ वर्षांचा जमिनीचा वाटणीचा दावा, चार पिढ्यांची वंशावळ, मयतांचे वारस रेकॉर्डवर आणायचे राहिलेले, तो काढायला लागणारा वेळ आणि त्याच वेळात निघणाऱ्या दहा सोप्या केसेस, यातलं काय निवडावंसं वाटेल हे कोणीही सांगेल. आणि माणसंच कमी आहेत. विधी आयोगाने १९८७ मधे सांगितलं होतं की दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, आज आपण मंजूर पदं धरूनही २० च्या आसपास आहोत. तारीख पे तारीखला एकट्या जजला शिव्या घालण्याआधी हा आकडा बघावा.

बदली साधारण तीन वर्षांनी, उन्हाळ्यात. एप्रिलच्या सुमारास ऑर्डर निघते आणि जूनमधे नवीन गाव. मुलांच्या शाळा, नवरा किंवा बायको नोकरीला असेल तर आणखी कसरत, आणि दोघंही न्यायाधीश असतील (अशी जोडपी बरीच आहेत) तर एका गावी पोस्टिंग मिळणं नशिबाचा भाग. पक्षकाराच्या दृष्टीने मात्र यात एक वेगळीच भानगड आहे. एका जजने साक्षीदार ऐकले, त्याची बदली झाली, निकाल दुसऱ्याने लिहिला, हे कायद्याला चालतं, आधीच्या जजने नोंदवलेला पुरावा पुढचा वापरू शकतो. फक्त साक्षीदार उत्तर देताना अडखळला होता की ठामपणे बोलला होता, हे नवीन जजने पाहिलेलं नसतं. म्हणून साक्षीदाराच्या हावभावाबद्दल शेरा लिहून ठेवायची सोय कायद्यात आहे, पण शंभर केसेसच्या बोर्डात ते कितीदा होतं हे विचारू नका.

आणि एकटेपण. तालुक्याच्या गावात जजसाहेबांना गणपतीच्या आरतीला बोलवतात, उद्घाटनाला बोलवतात, लग्नपत्रिका तर ढिगाने. बहुतेक ठिकाणी जाता येत नाही, कारण यजमानाची, त्याच्या भावाची किंवा त्याच्या व्याह्याची केस उद्या समोर येऊ शकते. जुने वकील मित्र असतात, त्यांच्याशीही अंतर ठेवावं लागतं. फेसबुकवर मत मांडायचं नाही, राजकारणावर बोलायचं नाही, जमीन-गाडी घेतली की वर कळवायचं. पेपरात निकालावर टीका आली तर उत्तर द्यायचं नाही, जे सांगायचं ते निकालपत्रात सांगून झालेलं असतं. सुरक्षेचा प्रश्नही आहेच, २०२१ मधे धनबादला सकाळी फिरायला निघालेल्या एका अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाला रिक्षाने उडवून मारलं, सुप्रीम कोर्टाने तेव्हा स्वतःहून दखल घेतली होती, आणि पुढे दोघांना त्यात खुनाची शिक्षा झाली.

वरच्या पायऱ्या पटकन सांगतो. कनिष्ठ स्तरानंतर वरिष्ठ स्तर, इथे मोठ्या रकमेचे दावे, घटस्फोटाच्या केसेस, काहींना मुख्य न्यायदंडाधिकारी पद. मग जिल्हा न्यायाधीश. याच माणसाला सत्र न्यायाधीश पण म्हणतात आणि त्यात काही गूढ नाही, दिवाणी काम करताना तो जिल्हा न्यायाधीश, फौजदारी काम करताना सत्र. खून, बलात्कार, दरोडा त्याच्याकडे, पॉक्सो, अ‍ॅट्रॉसिटी, लाचलुचपत, अमली पदार्थ यांची विशेष कोर्टं त्याचीच, मोटार अपघाताची भरपाई ठरवणारं न्यायाधिकरणही तोच, आणि खालच्या कोर्टांच्या निकालावरची अपिलंही. फाशी देऊ शकतो, पण ती शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी फाईल वर जातेच. जिल्ह्यात असे अनेक जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्यांच्यात एक प्रमुख, पीडीजे म्हणजे प्रिन्सिपल डिस्ट्रिक्ट जज. त्याचं अर्धं आयुष्य प्रशासनात जातं, तालुका कोर्टांची तपासणी, स्टाफची भरती, कोर्टाच्या इमारतीची गळती, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं अध्यक्षपद, लोकअदालत, आणि जेलमधे विनाकारण अडकून पडलेल्या कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती, ज्यात कलेक्टर आणि एसपी येऊन बसतात. सुरुवातीला विचारलेलं 'मोठं कोण' याचं उत्तर इथे थोडंफार मिळतं.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढं लिहिलं तो. या सगळ्या नोकरीत न्यायाधीशाचं स्वतःचं असं एकच आहे, हातातल्या केसचा निकाल. हायकोर्ट त्याची बदली करू शकतं, प्रमोशन अडवू शकतं, चौकशी लावू शकतं, पण 'या केसमधे असा निकाल दे' असं हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्तीसुद्धा फोन करून सांगू शकत नाहीत. निकाल चुकला तर त्याला अपील आहे. कागदावर हे छान आहे. पण ज्याचं सगळं करिअर वरच्यांच्या हातात आहे तो माणूस निकाल लिहिताना ते पूर्ण विसरू शकतो का? जामिनाचं बघा. गाजलेल्या केसमधे जामीन दिला तर आरडाओरडा होतो, कोणीतरी अर्ज करतं की जजची चौकशी करा, आणि पुढे तो आरोपी पळाला तर संपलंच. जामीन नाकारला तर? काही होत नाही, आरोपी हायकोर्टात जातो, तिथे मिळतो, आणि नाकारणाऱ्या जजला कोणी विचारतही नाही. मग साधा माणूस काय करेल. ऑगस्ट २०२४ मधे मनीष सिसोदियांच्या जामिनाच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच बोलून दाखवलं की ट्रायल कोर्टं आणि हायकोर्टंही जामिनाच्या बाबतीत सेफ खेळतात, जामीन हा नियम आणि जेल हा अपवाद हे विसरतात. बरोबर आहे, पण सेफ खेळायची सवय लावली कोणी? वरच्या कोर्टांनी निकालपत्रात खालच्या जजवर नाव घेऊन ताशेरे मारायचे आणि मग निर्भय व्हा म्हणायचं हे जुळत नाही. नोव्हेंबर २०२४ मधे दिल्लीच्या एका सत्र न्यायाधीशावर हायकोर्टाने मारलेले ताशेरे सुप्रीम कोर्टाने काढून टाकले आणि सांगितलं की चूक दुरुस्त करा, टीका करायची तर आदेशावर करा, न्यायाधीशावर व्यक्तिशः नको. आपल्याला प्रत्येक जज रामशास्त्री हवा असतो, पण राघोबादादांना सुनावून पद सोडून जाणारे रामशास्त्री शतकात एखादे. बाकीच्यांना होमलोन असतं. त्यांनी न घाबरता काम करावं अशी व्यवस्था हवी असेल तर प्रामाणिक चूक आणि बेइमानी यात फरक करणारी तपासणी हवी, आणि तो फरक आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही, निकालपत्रं बसून वाचावी लागतात.

शेवटची पायरी. जिल्ह्यातला न्यायाधीश ६० ला रिटायर होतो आणि तेही ५८ च्या आधी हायकोर्टाने रेकॉर्ड तपासून ठीक म्हटलं तर. हायकोर्टात ६२, सुप्रीम कोर्टात ६५. इथेच खालच्या दाराने आलेल्यांचं गणित फसतं. तिशीत तालुक्याला लागलेला माणूस सगळ्या पायऱ्या चढून प्रमुख जिल्हा न्यायाधीश होईपर्यंत पन्नाशी उलटून गेलेली असते, हायकोर्टात गेलाच तर हातात मोजकी वर्षं राहतात. मुन्सफ म्हणून, म्हणजे सगळ्यात खालच्या दिवाणी न्यायाधीशपदावरून सुरुवात करून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या फातिमा बीवींसारखी उदाहरणं आहेत, १९५८ मधे मुन्सफ आणि १९८९ मधे सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती, पण बोटावर मोजण्याइतकी.

मे २०२५ च्याच निकालाने यात थोडी हालचाल केली, जिल्हा न्यायाधीशाच्या जागांपैकी ५० टक्के नेहमीच्या प्रमोशनने, २५ टक्के थेट वकिलांतून, आणि खात्यांतर्गत परीक्षेने लवकर वर जाण्याचा कोटा १० वरून परत २५ टक्के. आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला घटनापीठाने त्याहून मोठा दरवाजा उघडला, वकिली आणि न्यायाधीशपद मिळून ७ वर्षांचा अनुभव असेल आणि वय किमान ३५ असेल तर सेवेतल्या न्यायाधीशालाही थेट भरतीत उतरता येईल, २०२० चा उलटा निकाल रद्द. त्या २५ टक्के जागा फक्त वकिलांच्याच असा युक्तिवाद झाला होता, तो मान्य झाला नाही. राज्यांना तीन महिन्यांत नियम बदलायला सांगितलं गेलं. त्यामुळे तालुक्यात दिवसभर बोर्ड चालवून रात्री जजमेंट लिहिणारे बरेच तरुण जज आता त्याच टेबलावर परत परीक्षेचा अभ्यास करताना दिसतील, आणि त्यांच्या कोर्टातल्या सीनियर वकिलांशीच त्यांची स्पर्धा असेल.